मामांची लाल पेन्सिल

नांदेड, मंगळवार

तीर्थरूप गुरुलिंगमामांना भाचा सोमेशचा शरणार्थ. गुडघा काय म्हणतो? मामी तेल लावून देतात ना? (तुम्ही लावू देत नसणार, हे ठाऊक आहे.) हे फोनवरच विचारलं असतं, पण आमच्या मंजुषाच्या लग्नात तुम्ही न जेवता पंगत सोडून गेलात, तेव्हापासून माझा फोन वाजला की तोडता. म्हणून हा कागद.

इकडे मीही तोडण्याच्याच भानगडीत अडकलो होतो. लातूरच्या अडत्यांसाठी आमच्या कंपनीने निरोप धाडायचा प्रोग्रॅम काढलाय. तो मी लिहिलाय (त्यामुळे शिव्याही मलाच). त्यांतले एक मलप्पाशेठ संध्याकाळी तो बंद करायला गेले की तो आपणच लाइन तोडायचा, मग लाइन पडली समजून घाबरायचा आणि पुन्हा जोडायला लागायचा. बंद काही व्हायचा नाही. शेठ रोज कॉम्प्युटरची पिन उपटायचे आणि मला ऐकवायचे, "मी दुकान बंद करून राहिलो, अन् हे बेणं पुन्हा उघडून राहिलंय." आठ दिवस डोकं फोडलं. पुन्हा जोडायच्या दोन खेपांमध्ये त्याला जास्त थांबायला लावलं, तर तो तेवढं थांबून पुन्हा जोडू लागला.

मग मुरुडचं तुमचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या स्टुलाशेजारी बसून मी ट्रंककॉलच्या चिठ्ठ्या लावायचो आणि तुम्ही लातूरची लाइन मागायचात. फार सुखाचे दिवस होते ते, मामा. घरी निघताना तुम्ही कधी आधी वायर उपटली नाही. उरलेल्या चिठ्ठ्यांवर लाल पेन्सिलीने काट मारायचात आणि म्हणायचात, "आपण तोडून राहिलो हे आधी लिवावं, मग तोडावं. न्हाईतर मागून येणारा लाइन पडली समजून हाका मारत बसतो." मी तेच केलं. आता बंद होताना प्रोग्रॅम आधी 'मीच निघालोय' अशी खूण करतो, पुन्हा जोडायचा बेत रद्द करतो आणि मगच तोडतो. परवा मलप्पाशेठ पिनेला हात न लावता घरी गेले. साहेबांनी माझी पाठ थोपटली, खरं तर ती तुमची होती.

मामींना नमस्कार.

तुमचा सोमेश

ता. क. लग्नात तुम्ही वाढप्यांना शिस्त लावत होतात, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "मामा, एक्स्चेंज कधीच बंद झालं, आता बसा." सगळे हसले. चुकलो मी, आणि त्याची लाज वाटते. कायमचं तोडायचं असेल तर तुमच्याच नियमाने आधी लिहून कळवा. तोवर लाइन पडलीय असं समजून मी रोज लावणार.

आणखी एक. माझा फोन तोडल्यावर तुम्ही तो मांडीवर घेऊन पुन्हा वाजायची वाट बघत बसता, असं मामी म्हणाल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्यात, म्हणून सांगत नाही.