लव्हाळ्याला मारलेली फुली

झरी, ३ जुलै २०२५

ती. स्व. एकनाथकाकांस,
लतिकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही चौतीस वर्षं मराठी शिकवलंत, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे. सातवीला 'अविनाशी' शब्द वाक्यात वापरायला दिला होता. सगळ्यांनी 'आत्मा अविनाशी आहे' लिहिलं. भिकीने लिहिलं, 'आमच्या शेतातला लव्हाळा अविनाशी आहे.' तण कसलं अविनाशी! मी लाल फुली मारली, वर वर्गाला वाचून दाखवलं. पोरं खूप हसली. तेव्हापासून आठ दिवस भिकी शाळेत नाही. आजीबरोबर भाताच्या लावणीला जाते म्हणे, आता येणारच नाही म्हणे. वर्गातली सगळ्यात हुशार पोर आहे, काका. माझं चुकलं का?

काकूंना नमस्कार. उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुमची,
लतिका

डहाणू, ७ जुलै

चि. लतिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. ही खोड घराण्यातलीच, असं तिचं मत पडलं. खरं आहे. मीही जन्मभर आत्म्याला पूर्ण गुण दिले. तो ना लिहिणाऱ्याने पाहिला होता, ना मी. लव्हाळा मात्र रोज पाहतो. अंगणात फरशी बसवली, तरी सांध्यातून डोकं वर काढतोच. बाकीच्यांनी वाक्य उतरवलं, त्या पोरीने शब्द वापरला. निरोप धाडू नकोस, तिच्या शेतावर स्वतः जा.

मायेत आणि पत्रांत कंजुषी नको.

तुझा,
काका

झरी, १५ जुलै

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

रविवारी गेले. मला पाहताच भिकी तिच्या आजीच्या, काळीआजीच्या, मागे लपली. आजी मला राबाच्या तुकड्याकडे घेऊन गेली. उन्हाळ्यात तिथे भाताच्या रोपांसाठी शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजली होती. अर्धा दिवस माती धुमसत होती. बाकी तण मेलं, लव्हाळा हिरवागार! आजीने खुरप्याने माती उकरली. काळ्या मण्यासारखी गाठ, तिला दोरा, दोऱ्याला खाली आणखी गाठ. आजीचा हात कोपरापर्यंत आत गेला, तरी माळ संपेना. आपली सासूही हाच उपटत मेली, असं ती हसत म्हणाली. काका, इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. तिथेच चिखलात उभी राहून भिकीची माफी मागितली.

काल ती शाळेत आली. वहीतल्या फुलीवर मी पांढरी शाई लावली, वर 'बरोबर' लिहिलं आणि वर्गाला तिचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. भिकीने पान उजेडात धरलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, की बाई, फुली खालून अजून दिसते, हीपण लव्हाळाच आहे.

सगळा वर्ग हसला, तीही हसली. मला मात्र हसता आलं नाही.

लोभ असू द्या, चुकीसकट.

तुमची,
लतिका