गाडी मोडून मोकळी हो

तंजावूर, ता. ३० जुलै १९९१

ती. अप्पांस मंगलेचा सा. न. वि. वि.

डोकं तापलेलं आहे, तेव्हा आशीर्वाद जरा थंड पाठवा.

परवाच्या बजेटात पेट्रोल चढलं, ते तुम्हांला कळलंच असेल. रेडिओवर ऐकलं तशी मी माझी मोपेडची वंडी घेऊन पेट्रोलच्या बंकवर धावले. माझा नंबर लागेपर्यंत बंकवाल्यानं साखळी लावली. स्टॉक संपला म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बंकवर नव्या भावानं पेट्रोल हवं तेवढं होतं. टाकीला पान्हा फुटला असावा! मी त्याला चारचौघांत सुनावलं. तो हसला आणि माझ्याकडून नवा भाव घेतला.

खरा राग त्याचा नाही. घरी आल्यावर ह्यांनी जेवताना जाहीर केलं की आता माझी नोकरी म्हणजे पेट्रोलसाठी केलेली नोकरी, तेव्हा ऑगस्टअखेर राजीनामा द्यावा. अप्पा, नऊ वर्षं शिकवते आहे मी. पापनाशमच्या रस्त्यानं जाऊन कालव्याच्या कडेनं चार मैल आत शाळा. तिथली बस अकराला येते, शाळा साडेनऊला भरते. म्हणून तर पाटल्या मोडून ही वंडी घेतली. ह्यांची स्कूटर मात्र राजवाड्याच्या मागून निघते ती चालत दहा मिनिटांवरच्या ऑफिसात थांबते. तिच्या पेट्रोलचा हिशेब कोणी मागत नाही.

तुम्ही तीस वर्षं पेट्रोलच्या डेपोत काढलीत. भाव का चढतात आणि माझ्यासारखीनं काय करावं ते लिहा. आणि ह्यांनाही दोन शब्द सुनावा, ह्यांना तुमचा धाक आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. तो तरी महाग करू नका.

तुमची,
मंगला

---

मद्रास, ता. ६ ऑगस्ट १९९१

चि. सौ. मंगलेस अ. उ. आ.

पत्र पोचलं. हाताला गरम लागलं.

आधी एक सांगतो. वंडी नव्हे, गाडी म्हण. मराठी आपल्याला तमिळ अक्षरांत लिहावी लागते हे आपलं नशीब, पण म्हणून शब्दही तमिळच घ्यावेत असं नाही. आपले पूर्वज तंजावरात आले ते गाडीत बसून आले, वंडीत नव्हे.

आता भावाचं. कच्चं तेल आपण डॉलर मोजून बाहेरून आणतो. आखातात लढाई झाली तेव्हा ते महागलं, इकडे देशाकडचे डॉलर आटले, सोनं गहाण टाकावं लागलं आणि गेल्या महिन्यात रुपया दोनदा उतरवला. म्हणजे तेच तेल, पण जास्त रुपयांचं. त्यावर सरकारचा कर. रॉकेल गरिबाच्या चुलीचं, डिझेल बसचं आणि लारीचं, तिथे हात आखडता घ्यावा लागतो. मग भार पेट्रोलवर टाकतात. बंकवाला लबाड खरा, पण भाव तो ठरवत नाही.

चालवणाऱ्यानं काय करावं? चाकांतली हवा दर आठवड्याला बघावी. चाळिसाच्या आत चालवावं. रेल्वेचं गेट बंद असलं की इंजिन बंद करावं. पेट्रोलात ऑइल मापानंच घालावं. मागे कोणाला बसवून खर्च वाटून घ्यावा. घरात डबे भरून साठा मात्र कधीही करू नये, डेपोत मी काय काय पेटलेलं पाहिलं आहे ते लिहीत नाही.

एवढं करूनही घरात रोज कटकट होत असेल, तर विचारलंस म्हणून माझं मत सांगतो. इतकी वर्षं रेटलंस, पुरे झालं. गाडी मोडून मोकळी हो. पुढचं मी बघेन.

माझ्या नातीला, शांभवीला, पापा. माझा लोभ रेशनवर नाही हे लक्षात असू दे.

अप्पा

---

तंजावूर, ता. १३ ऑगस्ट १९९१

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

काय केलंत हो हे!

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. आमच्याकडे टपाल आधी ह्यांच्या हातात जातं. हे झोपाळ्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागले, कारण सासूबाईंना तुमची मराठी ऐकायला आवडते. डॉलर झाले, रुपया झाला, चाकांतली हवा झाली. पुढे त्याच सुरात हे वाचून गेले, काडी मोडून मोकळी हो. आणि झोपाळा थांबला.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शांभवीनं विचारलं की काडी मोडून काय होतं. नवराबायकोनं गवताची काडी मोडली की लग्न मोडतं, हे सहा वर्षांच्या पोरीला कोणी सांगायचं? ह्यांनी पत्र माझ्या मांडीवर टाकलं आणि न जेवता उठले.

मी ते तीनदा वाचलं. काडीमोडच लिहिला होतात, आणि खाली पुढचं मी बघेन म्हणून! मी रागानं लिहिलं होतं खरं, पण संसार मोडायचं माझ्या मनात नव्हतं. पण अप्पा, तुम्ही मला शाळेच्या सहलीलासुद्धा पाठवलं नव्हतंत. ते तुम्ही माझ्या नोकरीसाठी असं लिहाल? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग दोन वेळचं एकदम जेवले.

पुढचं ऐका. शनिवारी ह्यांनी स्कूटर ओट्यापाशी उभी ठेवली आणि ऑफिसला पायी गेले. संध्याकाळी माझ्या वंडीच्या दोन्ही चाकांत हवा भरून आणली. राजीनाम्याचा र सुद्धा निघाला नाही. अलमेलु टीचर आता माझ्या मागे बसते आणि अर्धा खर्च देते. तिच्या वजनानं पेट्रोल किती जास्त जळतं ते डेपोवाल्यांनी सांगावं!

तरी माझा राग गेलेला नाही. नऊ वर्षं समजावून जे झालं नाही ते एका काडीनं कसं झालं?

लोभ एवढा आहे हे आजवर लपवलंत, आता लपवू नका.

मंगला

---

मद्रास, ता. १७ ऑगस्ट १९९१

चि. सौ. मंगलेस अ. आ.

अगं, काडी कुठून आली? मी गाडी लिहिलं, गाडी! तमिळात क ला आणि ग ला एकच अक्षर, हे मी चौसष्ट वर्षांचा होऊन विसरलो. सगळ्यांसारखं वंडी लिहिलं असतं तर हा अनर्थ झाला नसता. माझी शुद्ध मराठी माझ्याच पोरीच्या मुळावर आली.

पाटल्या मोडल्यास तशी ती मोपेड मोडावी, राजीनामा द्यावा, सुरेंद्रराव म्हणतात त्यात राहावं आणि तुझ्या वरखर्चाला मी काही पाठवावं, एवढाच माझा अर्थ होता. बापानं लेकीला काडीमोड घ्यायला लावला असं तंजावरात चार घरी झालं तर मी तोंड कसं दाखवू? सुरेंद्ररावांना खुलासा लिहायला घेतला आहे. कोणत्या शब्दांत लिहू ते परतटपालानं कळव.

अप्पा

---

तंजावूर, ता. २१ ऑगस्ट १९९१

ती. अप्पांस न. वि. वि.

साष्टांग या वेळी घालवत नाही, क्षमा करा.

नशीब, हे पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. ह्यांना एकही शब्द लिहू नका. मी तुम्हांला लिहिलं होतं की बस अकराला येते आणि शाळा साडेनऊला भरते. मी लिहिलं होतं की ह्यांना सुनावा. तुम्ही मला रुपया शिकवलात, हवा शिकवलीत आणि शेवटी माझी वंडी विकायला सांगितलीत. काडी वाचून मी घाबरले नव्हते इतकी ही गाडी वाचून चिडले आहे. दहा दिवस माझा बाप माझ्या बाजूला उभा होता. आता कळलं की अक्षर चुकलं होतं.

पत्र मोठ्यानं वाचलं ते ह्यांनी. ते अक्षर ग सुद्धा होतं. ह्यांच्या तोंडून क निघाला, कारण चोराच्या मनात चांदणं. आपण काय करतो आहोत ते ह्यांना ठाऊक होतं. तुम्हांला मात्र ठाऊक नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

भाव का चढतात ते मी विचारलं होतं. आता मीच सांगते. जो मुकाट्यानं देतो त्याच्यावर चढवतात. बंकवर मी ओरडले आणि शेवटी पैसे दिले. घरीही तेच करत आले होते.

खुलासा पाठवायचाच असेल तर पाठवा. मग मी राजीनामा देईन, तिसरीच्या बावन्न मुलांना तसं सांगेन आणि तुम्हांला पत्र लिहायचं थांबवीन. लोभाचं तुम्हीच ठरवा.

मंगला

---

मद्रास, ता. २७ ऑगस्ट १९९१

चि. सुरेंद्ररावांस अ. आ.

हे पत्र झोपाळ्यावर बसून मोठ्यानं वाचावं, म्हणजे विहीणबाईंनाही ऐकू जाईल.

पेट्रोल पुन्हा चढेल. आमच्या हयातीत ते उतरलेलं टिकलं नाही. डेपोत टंचाई आली की आमचा एक नियम असे. ज्याचं त्यावाचून अडतं त्याला आधी भरून द्यायचं, ज्याला दुसरी वाट आहे त्यानं थांबायचं. ऑफिस दहा मिनिटांवर असेल तर पाय आहेत. शाळा कालव्यापलीकडे असेल आणि बस अकराला येत असेल तर वंडी लागते. होय, वंडीच लिहिलं आहे. हे मला फार उशिरा समजलं, आपल्याला माझ्या आधी समजलं असं ऐकतो. आपण पायी जाता हे ऐकून बरं वाटलं. ते पेट्रोल चढलं असतानाही चालू ठेवावं आणि उतरलं तरीही.

मागील पत्रातील एका शब्दाविषयी. तमिळात क आणि ग एकाच अक्षरानं लिहितात, तेव्हा मला काय म्हणायचं होतं अशी आपल्याला शंका आली असेल. शंका ठेवू नये. आपण वाचलात तो क बरोबर होता.

लोभ आहे. तो कमीजास्त होणं यापुढे आपल्या हातात.

आपला,
अनिरुद्धराव