पाहुण्यांचा खर्च, माझं थोबाड

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून पर्यटन-सर्व्हे. कोल्हापुरात आलेला पाहुणा इथं किती खर्च करतो, ते विचारायचं. काम जमलं तर पुण्याचे लिमये सर मला पर्मनंट करणार. पर्मनंट झालो की गारगोटीचं स्थळ पक्कं. माणसांशी गोड बोलणं हा माझा हातखंडा. रागावर तर जन्मापासून कंट्रोल.

४ नोव्हेंबर
पाहुण्यांचा खर्च शून्य. जो तो नातेवाइकाकडे उतरलेला, आणि यजमान खिशाला हात लावू देत नाहीत. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी दोन साडू पैसे देण्यावरून एकमेकांची गचांडी धरून उभे. डोक्यात शेव. अशानं जिल्ह्याचा आकडा वर कसा येणार? उद्यापासून मी मध्ये पडणार. शास्त्रीय पद्धतीनं.

७ नोव्हेंबर, दुपार
चिमणाबाईंच्या खानावळीत संधी मिळाली. शिरोली एमआयडीसीतला बाळासो आणि त्याचा सोलापूरचा मेहुणा ज्ञानू, बिलावरून झोंबाझोंबी. मी बाळासोचे हात मागून धरले आणि ज्ञानूला म्हणालो, भरा पटकन, मला आकडा हवाय. बाळासोनं हात सोडवून माझ्या कानाखाली जाळ काढला. वर म्हणाला, पावण्याला पैसं द्याय लावतोस व्हय रं, कोल्हापूरचाच हायस न्हवं? ज्ञानूनंही दोन ठेवून दिल्या, दाजींना हात लावला म्हणून. तांबडा रस्सा डोळ्यात गेला. रस्सा सांडला म्हणून चिमणाबाईंनी पळी मारली.
फॉर्म कोराच. पण लोकांशी संपर्क वाढतोय.

१२ नोव्हेंबर
जोतिबाच्या डोंगरावरही तेच. ओठ सुजलाय, पुढचा दात हलतोय. आईला सांगितलं, जिन्यावरून पडलो. गारगोटीला फोटो पाठवायचा होता. कॉलेजातला पाठवला.

१८ नोव्हेंबर
लिमये सर उद्या पर्मनंटची ऑर्डर घेऊन येताहेत, फॉर्म बघून सही करणार. मास्टरप्लॅन: सरांना जेवायला न्यायचं, बिल त्यांनाच भरू द्यायचं. सरसुद्धा बाहेरचेच पाहुणे. एक फॉर्म तरी भरेल. आपण हात खिशात घालून गप्प बसायचं. यात काय अवघड आहे?

१९ नोव्हेंबर
सरांनी पाकीट काढलं. मी शांत. गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, पावणं देत्यात व्हय? एवढंच विचारलं.
पुढचं नीट आठवत नाही. सरांचा हात पिरगळला होता. त्यांचा चष्मा माझ्या पायाखाली होता. सर ओरडत होते की अहो, कंपनीचे पैसे आहेत. मी म्हणत होतो, असू द्या की. दर ‘असू द्या’ला त्यांना एक गुद्दा बसत होता. चौघांनी मिळून मला बाजूला ओढलं.
बिल मीच भरलं.

२० नोव्हेंबर
सरांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर, त्यामुळं ऑर्डरवर सही राहिली. डाव्या हातानं केली तरी चालेल, असं मी सुचवलं. सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका.
घरी आलो तर आईनं विचारलं, साहेब पोटभर जेवलं न्हवं? व्हय म्हणालो. तिनं गारगोटीकरांना रविवारी बोलावलंय, साखरपुड्याची तारीख धरायला.