दरीतली कुसळं

९ ऑगस्ट
सापडलंच! दरीत, पाहणीसाठी ठोकलेल्या चार नंबरच्या खुंटीजवळ. एकच झुबका, वीतभर, पण तेच परदेशी गवत. शेजारचा सगळा डोंगर त्याने गिळला. आमची टोळी सहा वर्षं उपटतेय, तरी पुरून उरलंय. एवढी एक दरी स्वच्छ होती. वाळवंटातली आपली झुडपं विरळ, एक पेटलं तर आग तिथेच विझते. हे गवत मधली जागा भरून टाकतं. मग एक ठिणगी पुरते, आणि जळलेलं झुडूप पुन्हा फुटत नाही.
मुळासकट काढलं. रागारागाने.

११ ऑगस्ट
दरीत जातं कोण? दर शनिवारी खुंट्या तपासायला मी. आणि ती बकरीवाली मावशी. बी तिच्या बकऱ्यांच्या केसांतूनच आलं, आणखी कसं येणार!
वनखात्यातल्या मॅडमना तसं लिहून दिलं. "खात्री आहे ना, मुकादम? तिचं पोट आहे त्यावर." म्हटलं, शंभर टक्के.

१३ ऑगस्ट
मावशीचा चराईचा परवाना रद्द. कागद मीच नेऊन दिला. वाटलं, शिव्या घालेल. तिने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "बरं. आता तुम्हीच बघा दरीकडे." तो शांतपणा डोक्यात गेला माझ्या. घरी येऊन बायकोवर उगीच खेकसलो.

२३ ऑगस्ट
पाऊस बरा झाला. दरीत काही नाही.

३० ऑगस्ट
टोळीतल्या दोघांना झापलं. डोंगरावरून उतरून बूट न झाडताच निघाले होते! "मुकादम, आता आंघोळही घाला आम्हाला." घालीन, वेळ आली तर.
बायको म्हणाली, टोळीतल्या बाकीच्यांचे मोजे धुताना बायकांच्या बोटांत कुसळं घुसतात. "शनिवारी तुमचे मात्र अगदी स्वच्छ हं!" बरं वाटलं ऐकून.

६ सप्टेंबर
अकरा झुबके. बकऱ्या नाहीत, मावशी नाही, आणि अकरा! दहाही खुंट्यांजवळ एकेक, पाच नंबरला दोन. मधल्या वाटेवर एकही नाही. बकऱ्या काय खुंट्या मोजत चरतात?
प्रत्येक खुंटीपाशी बसून वही भरतो तो मी. शनिवारी सकाळी डोंगरावर उपटायचं आणि तिथून थेट दरीत. बूट झाडतो. पण मोज्यांत अडकलेली कुसळं टोचतात, ती बसल्या बसल्या काढून टाकतो. तिथेच. बी असतं की त्यांना! सहा वर्षं!
मग आजवर उगवलं कसं नाही, ते कळत नाही. पण पेरलं मीच, आणि खापर फोडलं तिच्यावर. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

८ सप्टेंबर
मॅडमना खरं काय ते लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मावशीला परवाना परत मिळेल. माझं मुकादमपण बहुधा जाईल. जाऊ दे.

९ सप्टेंबर
मावशीकडे गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. ती बकरीच्या खुरातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक होतं की. तुमच्या मागून दर रविवारी कोण उपटत होतं? जुलैत लेकीच्या बाळंतपणाला गेले, तेवढा एक झुबका राहिला."