अकरा डाव्या बाह्या

मंगळवार, १४ जून

प्रिय आई,

नमस्कार. आम्ही तिघंही ठीक. ठमी पाच महिन्यांची झाली, पालथी पडते आणि मग सुलटं होता येत नाही म्हणून आमच्यावरच डाफरते.

तुझं पत्र मिळालं. रविवारी येऊन तिला सहा महिने तुझ्याकडे नेतेस म्हणतेस, आणि कुणी विचारलंच तर मला अशक्तपणा आलाय असं सांगायचं. तिच्या बाबांना हे पटलंय. मला नाही.

फोनवर गोळ्यांपुरतं सांगून गोलगोल बोलत राहिले, आता सरळ लिहिते. कामावर परतले त्या आठवड्यात मी अकरा बाह्या कापल्या, सगळ्या डाव्या. नमुन्याचा कागद एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवायचा, एवढंही सुचलं नाही. शिंपीमास्तरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. वाटलं, आता खरडपट्टी. ते म्हणाले, "पोरी, घरी काय चाललंय?"

मग सगळं बाहेर पडलं. ठमी रडली की मला धडधडायचं आणि मी न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. घरातली कात्री मी शेजारणीकडे ठेवायला दिली होती. माझ्या हातून ठमीला काही होईल, असं सारखं मनात यायचं.

मास्तरांनी दुकान बंद करून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, पुष्कळ आयांना होतो, बरा होतो. दीड महिना गोळ्या चालू आहेत, दर गुरुवारी त्यांच्याकडे बोलायला जाते. काल पुन्हा धडधडलं, तर ठमीला खांद्यावर घेऊनच बसून राहिले. गोळ्यांनी दूध बिघडतं म्हणतेस, ते मी त्यांना विचारून घेतलंय. तू त्यात पडू नकोस.

आणखी एक. मावशीने सांगितलं मला. मी झाले तेव्हा तुझंही असंच झालं होतं, आणि आजीने मला वर्षभर मावशीकडे ठेवलं. परत आणलं तेव्हा मी तुझ्याकडे यायलाच तयार नव्हते. तुला कुणी काही विचारलंच नाही. तुझ्यावर माझा राग नाही, आई. त्यांच्यावर आहे, आणि भरपूर आहे.

ठमी कुठेही जाणार नाही. तिला न्यायला आलीस तर दारातूनच परत पाठवीन, भीडभाड ठेवणार नाही. राहायला येणार असशील तर ये. दुपारी ती झोपली की तू बोल, मी ऐकेन. ते वर्ष तू कसं काढलंस, सगळं.

तुझीच, तुला न विचारता उचलून नेलेली,
धाकटी