डोनाबाईंची पिवळी जास्वंद आणि खात्रीची काडतुसं

तीर्थस्वरूप उल्हासदादास,

फ्रिस्कोहून धाकट्या यतीनचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तू आणि वहिनी बरे असाल (वहिनींचा गुडघा खरंच बरा आहे, की मला काळजी नको म्हणून तू तसं सांगतोस? मागच्या फोनवर पाठीमागून कण्हल्यासारखं ऐकू आलं होतं). बाबांची तब्येत ठणठणीत आहे. जरा जास्तच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. फोन न करता लिहितोय, कारण बाबांना कमी ऐकू येतं यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

तर उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीत पहाटे कोणीतरी फिरतं. समोरच्या डोनाबाईंच्या दारावरच्या कॅमेऱ्यात झुडपाआडून आलेला एक हात आणि आकडी लावलेली काठी, एवढंच दिसलं. गल्लीच्या ग्रुपवर नुसती खळबळ. आकडी खिडक्या उघडायला, हे मी लगेच ओळखलं. नेत्रा म्हणाली, "अरे, पण हा चोर रोज बागेतूनच परत का जातो?" मी म्हटलं, पाहणी करतोय (तुझी भावजय फार भोळी आहे). माझा पहिला संशय कोपऱ्यावरच्या वेनवर होता. तो सगळ्यांशी फार गोड बोलतो. त्यानंच मला शॉटगन घ्यायला लावली, तेव्हा तर संशय वाढलाच.

दादा, इथे बंदूक घेणं सोपं, काडतुसं निवडणं महाकठीण. दुकानात भिंतभर खोकी. एकावर बदक, एकावर हरीण, चोराचं चित्र कशावरच नाही! विक्रेता म्हणाला, बारीक छर्रे पाखरांसाठी, घराच्या रक्षणाला मोठे घ्या. पण मोठे छर्रे इथल्या पुठ्ठ्यासारख्या भिंतींतून आरपार जातात, तेव्हा पलीकडे कोण झोपतं ते आधी बघा. जुना माल गळ्यात मारतोय असं वाटून मी खोकं कानाशी धरून, वहिनी नारळ घेतात तसं हलवून पाहिलं. तो बघतच राहिला. मग नेमबाजीच्या मैदानावर जाऊन निरनिराळी काडतुसं स्वतः उडवून पाहिली. स्वस्तातली बंदुकीत अडकली, एका नामांकित कंपनीचं उडालंच नाही (खोक्यावर 'विश्वासार्ह' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं). शेवटी एक असं सापडलं की त्यानं एकदाही दगा दिला नाही. सगळ्यांचा तुलनात्मक तक्ता करून मी ग्रुपवर टाकला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं! जवळजवळ प्रत्येक घरात तीच काडतुसं आली. "यतीन, यू आर द मॅन," असं वेन म्हणाला. इतक्या वर्षांत या गल्लीत माझं नाव कोणी नीट उच्चारलं नव्हतं.

मग आली खंडेनवमी. बाबांनी शस्त्रपूजा मांडली. माझा लॅपटॉप, नेत्राची विळी, पाना, स्क्रूड्रायव्हर आणि मीच काढून दिलेलं काडतुसांचं खोकं. त्यावर हळदकुंकू आणि वर भलंमोठं, दुहेरी पाकळ्यांचं पिवळं जास्वंदीचं फूल. दादा, अशी जास्वंद सबंध गल्लीत फक्त डोनाबाईंकडे आहे!

रोज देवांवर ताजी फुलं दिसत होती, आणि सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला ती येतात कुठून हे विचारायचं सुचलं नाही. काठी आमच्याच पडद्याची, आकडी नेत्राच्या हँगरची. विचारलं तर बाबा शांतपणे म्हणाले, "देवाच्या फुलांना चोरी म्हणत नाहीत रे. आणि मी ओरबाडत नाही, कळ्या ठेवतो." इथे लोक गोळी घालतात म्हटलं, तर म्हणाले, "फुलासाठी? काहीतरीच तुझं!" विकतची फुलं आणून दिली, तर ती फ्रीजमधली म्हणून देवांना चालत नाहीत.

हसू नकोस. मला खरंच भीती वाटते. घराघरांत न चुकता उडणारी काडतुसं भरून ठेवलेली आहेत, ती मी पारखून दिली आहेत, आणि बाबा रोज पहाटे अंधारात त्याच घरांपुढून जातात. डोनाबाईंना सांगायचं तर कोणत्या तोंडानं? तो माणूस सराईत आणि बहुतेक व्यसनी आहे, असं ग्रुपवर मीच लिहून बसलोय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं खरं काय ते कळव.

तुझा,
यतीन

ता. क. : बाबांना ताबडतोब फोन कर आणि काहीही कारण सांगून परत बोलावून घे. ते तुझंच ऐकतात. हे पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २ : पत्र पाठवायचं राहून गेलं. एवढ्यात फोन करू नकोस. एकटे जाऊ नयेत म्हणून आता मीही त्यांच्याबरोबर जातो. आज मी फांदी वाकवून धरली. आई गेल्यापासून घरात तिचं नावही न घेणारे बाबा तिथे उभे राहून तिच्याबद्दल बोलत होते. तिच्या वेणीत पिवळं फूल किती शोभायचं, वगैरे. मला फार बरं वाटलं रे. राहू देत त्यांना इथेच.

ता. क. ३ : फोन कर. आत्ता कर. ग्रुपवर नवी क्लिप आली आहे आणि तीत हात चार आहेत. दोघं असतील तर हीच काडतुसं पुरतील का, असं वेननं मला विचारलंय. सगळे माझ्या उत्तराची वाट बघताहेत.