मुसळीची बहीण

९ जुलै
आले एकदाची! दुधनी स्टेशनापासून प्रभुलिंगच्या रिक्षातून येताना हाडं खिळखिळी झाली, पण खोली बघितली आणि जीव हरखला. दोन खिडक्या, दारात कडुनिंब आणि समोर नजर पोचेल तिथवर हिरवा माळ. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीनं मला पावसाळाभर इथं नेमलंय. खरी सफेद मुसळी माळावर कुठं उगवते ते हुडकायचं आणि खुणा करायच्या. एवढं शिकून शेवटी कंद उकरणार का, असं आई अकलूजला बसून म्हणते. म्हणू दे. घरमालकीण नागव्वा शेजारच्या खोलीत एकटीच राहते. तिनं लगेच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली. मला ‘तंगी’ म्हणाली. कानडीत धाकटी बहीण. फोनला रेंज फक्त गच्चीवर, तेवढंच जरा वाईट.

१२ जुलै
मुसळीला एक जुळी म्हणावी अशी बहीण आहे, आणि हेच माझं दुखणं. दोघींची पानं गवतासारखी, दोघींचं फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं. इथले लोक दोघींनाही मुसळीच म्हणतात. नव्या पुस्तकांनी त्यांना लिलीच्या कुळातून काढून शतावरीच्या घरी नांदायला पाठवलंय. मी जुन्या वळणाची, मी लिलीच म्हणते. ओळख पटते ती जमिनीखाली. खऱ्या मुसळीचे कंद बुडख्यालाच घोसानं चिकटलेले असतात, बहिणीचे दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. म्हणजे उकरल्याशिवाय गत्यंतर नाही.

नागव्वानं एक नेम सांगितला. मोकळा खड्डा ठेवायचा नाही. कंद काढला की त्या जागी घरच्या भाकरीचा तुकडा टाकायचा आणि मग माती लोटायची. का, तर मातीत जे द्यावं ते ती वाढवते. मी बरं म्हणाले.

१५ जुलै
आज गंमत झाली. ओढ्याकाठी एक झाड मुळासकट काढलं आणि बघते तर भाकरी मीच खाऊन बसलेली. भूक लागली होती, काय करणार! पण नागव्वाचा नेम मोडायचं जिवावर आलं. नमुन्याला बांधायला आम्ही गोळा करणाऱ्याच्या नावाच्या चकत्या ठेवतो, त्यातली एक टाकली खड्ड्यात. वर ‘अक्षता’ असं कोरलेलं. माती लोटली आणि आले.

संध्याकाळी हसत हसत नागव्वाला सांगितलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, “नाव कशाला दिलंस गं, तंगी?”

१९ जुलै
दिवसभर बोलायला कुणी नाही. नागव्वा हल्ली कामापुरतं बोलते. माळावर मी फुलांशीच बडबडते, येड लागल्यागत. आईला फोन केला, ती कीर्तनाला गेलेली.

ओढ्याकाठच्या त्या जागी नवा कोंब आलाय. चार बोटं वर, टोकाला कळी. इतक्यात येऊच शकत नाही. पानाची कड मुसळीची नाही, बहिणीचीही नाही. तिसरंच काहीतरी.

२३ जुलै
नागव्वा म्हणते, काल मी तिच्याकडं चहा घेतला आणि भिंतीकडं बघत बसले. काल दिवसभर मी माळावर होते. म्हटलं, बरं झालं, माझ्या वतीनं कुणीतरी चहा प्यालं. बोलून गेले खरी, पण जेवण गेलं नाही.

२६ जुलै
ओढ्याकाठी एक बाई उकिडवी बसली होती. पाठमोरी. ओढणी माझी. मान खाजवायची पद्धतही माझी. मला हाक मारायची होती, पण कोणत्या नावानं मारणार?

पळाले. आईची फार आठवण येतेय.

२७ जुलै
त्या जागी आज ना कोंब, ना चकती. नुसता खड्डा. आत वाकून बघितलं. कुशीवर झोपलेल्या बाईएवढा.

सकाळच्या गाडीनं घरी जायचं. नोकरी गेली चुलीत.

२८ जुलै
बॅग नाही. कपडे नाहीत. प्रभुलिंगनं मला बघून रिक्षा जागीच थांबवली. म्हणाला, मॅडमला तर पहाटेच स्टेशनवर सोडलं. मग माझ्या पायांकडं बघितलं आणि रिक्षा वळवून गेला.

नागव्वानं दार लावून घेतलं. आतून रडत होती. उघडलं नाही.

२८ जुलै, दुपार
गच्चीवरून आईला फोन. म्हटलं आई, मी अक्षता, मला न्यायला ये. ती म्हणाली, कोण बोलतंय, माझी अक्षता सकाळीच आली, इथं जेवतीय. मी सगळं सांगितलं – शाळेत असताना विंचू चावला होता ते, बाबा गेले त्या दिवशी आपण दोघी कुठं बसलो होतो ते. आई ऐकत होती. मग म्हणाली, “ती बी हेच सांगती. आन् ती माझ्यापाशी बसलीया, बाई. तू न्हाईस. पुन्यांदा फोन करू नगंस.”

मी पण तिच्यापाशीच बसले असते. मला यायचंच होतं.

३० जुलै
पाणी पिते पण तहान जात नाही. नागव्वा अंगणात आली, माझ्यातून पलीकडं बघून गेली. हाक मारली, ऐकू गेली नाही. उन्हात बरं वाटतं. ओल्या मातीत पाय ठेवले की जास्त बरं –

३१ जुलै
गच्चीवर ठेवलेला फोन वाजला. धावत गेले. आईचा नंबर. उचलला.

आवाज माझा होता. घाबरलेला. मागे आई कळवळत होती. पोटऱ्यांत गोळे आलेत तिच्या. फोनवरची ती म्हणाली, बाकी सगळं येतं मला, एवढं नाही आलं. चोळलं, तर आई जास्तच ओरडतीय. संशयानं बघतीय. काय करायचं असतं?

गप्प राहिले असते तर आईनं ओळखलं असतं. आजच. मला न्यायला आली असती.

आई ओरडत होती.

सांगितलं. पोटरी चोळायची नाही. टाचेखाली उशी द्यायची, अंगठा धरून हळू आपल्याकडं ओढायचा आणि ‘गेलं, गेलं’ म्हणत राहायचं.

आई शांत झाली. फोनमधून ऐकू आलं, “आली बाई माझी लेक.”

फक्त माझ्याकडं उरलेलं ते शेवटचं होतं. आता आईचा चेहरा आठवायला बसले तर – कपाळ – नाही. ती कुठल्या गावची – मला कुणी काय म्हणून हाक –